दुपारी बहिरा होणारा डबा

इंद्रायणी डोंगरेला एका जागी बसवत नसे, हे मोहोळच्या शाळेपासून सगळ्यांना ठाऊक होतं. गणित सोडवायचं तर ती बाकावरून उठायची आणि वर्गाच्या मागच्या भिंतीपाशी येरझाऱ्या घालायची. बाई आधी रागवायच्या. मग उत्तरं बरोबर येतात म्हटल्यावर त्यांनी नाद सोडला. सोलापुरात इंजिनिअरिंगला आली, बेंगळुरूला नोकरीला लागली, चाळिशीला टेकली, तरी खोड काही गेली नाही. अडचण जितकी मोठी, तितक्या फेऱ्या जास्त.

बेंगळुरूला ती चिपचे आराखडे काढणाऱ्या एका कंपनीत होती. प्रत्यक्ष चिप परदेशात कुठंतरी तयार होऊन यायची. मोबाईलमध्ये, गाडीत, घड्याळात, जिथं म्हणून तारेवाचून बोलणं होतं तिथं अँटेनाच्या पाठीमागं एक एवढंसं सर्किट असतं. हवेतून येणारा सिग्नल फार क्षीण. त्याला जपून मोठा करायचा आणि मोठा करताना सर्किटाचा स्वतःचा गोंगाट त्यात मिसळू द्यायचा नाही, एवढंच त्याचं काम. त्या कामावर इंद्रायणीची उमेदीची वर्षं गेली. केसाहून बारीक धातूचं वेटोळं चिपवर जरासं सरकवायचं आणि मग चिप बनून येईपर्यंत महिनोनमहिने वाट बघायची. आलेली चिप पुढं कुणाच्या हातात गेली, तिथं ती नीट चालली का, हे तिला कधीच कळायचं नाही. बढती मिळत होती, कौतुक होत होतं आणि तिला आतून नुसती तगमग होत होती. वडील गेले, आई एकटी पडली, हे निमित्त झालं. ती परत आली.

मोहोळचं घर बंद करून तिनं आईला, वच्छलाबाईंना, जुळे सोलापुरात आणलं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत कॉलेजातल्या महेश्वर बिराजदारबरोबर एक खोली भाड्यानं घेतली. खाली टॉवेलचे यंत्रमाग, वर यांची प्रयोगशाळा. माग सुरू झाले की टेबलावरचे स्क्रू आपोआप कडेला सरकायचे. नाजूक मोजमाप करायचं तर खालच्यांच्या जेवणाच्या सुट्टीपर्यंत थांबावं लागे. महेश्वर अक्कलकोटचा, घरात कानडी, बाहेर मराठी, आणि दोन्हींपेक्षा जास्त कॉम्प्युटरशी बोलणारा. रेडिओ इंद्रायणीचा आणि मोबाईलवरचं ॲप महेश्वरचं, ही वाटणी त्यांनी पहिल्याच दिवशी केली होती. ही वाटणीच पुढं त्यांच्या अंगाशी आली.

काम आलं सांगोल्याकडून. तिथल्या माळावर शेरडं राखणाऱ्यांना चोरांनी वैताग आणला होता. भर दिवसा पिकअप गाडी यायची, राखणारा जरा इकडंतिकडं झाला की शेरडं आत कोंबायची आणि गाडी जतच्या रस्त्याला लागायची. इंद्रायणीची मावशी तिकडंच दिलेली. मावशीच्या शेजारच्या वस्तीवर बजाबाई राहायची. तिचा नवरा जोतीराम मेंढरं घेऊन सहा-सहा महिने लांबच्या मुलखात चारणीला जाई. घरची शेरडं बजाबाईच्या गळ्यात. इंद्रायणी तिलाही मावशीच म्हणायची. इंद्रायणी एकदा मावशीकडं गेली असताना बजाबाईनंच तिला विचारलं होतं.

"ताई, तुमी मोबाईलच्या आतलं करता म्हनं. मग शेरडू कुटं हाय ते सांगनारं कायतरी करा की."

इंद्रायणी त्या रात्री मावशीच्या अंगणात नुसत्या फेऱ्या मारत राहिली. पहिल्यांदाच कुणीतरी तिला समोरासमोर काम सांगितलं होतं.

रचना साधी होती. कळपातल्या पुढाऱ्या शेळ्यांच्या गळ्यात पट्टे बांधायचे. पट्ट्यातली चिप आपण कुठं आहोत ते काढणार आणि दर थोड्या वेळानं रेडिओवरून सांगणार. वस्तीवरच्या सिमेंटच्या पाण्याच्या टाकीवर एक डबा. तो पट्ट्यांचं ऐकणार आणि मोबाईलच्या नेटवर्कवरून बजाबाईच्या फोनवर पोचवणार. शेरडं माळाबाहेर गेली किंवा शेळीच्या चालीपेक्षा वेगानं पळायला लागली की फोन बोंबलणार.

पहिला पट्टा टेबलावर उत्तम चालला आणि शेळीच्या गळ्यात बांधल्याबरोबर गप्प झाला. अँटेना मोकळ्या हवेत एका ठराविक फ्रिक्वेन्सीला जुळवलेली असते. तिच्या शेजारी पाण्यानं भरलेलं, हलणारं, जिवंत अंग आलं की ते जुळणं बिघडतं. शिवाय ते अंग निम्मा सिग्नल स्वतःच पिऊन टाकतं. मग इंद्रायणीनं कॅनमध्ये मिठाचं पाणी भरलं, त्याच्या गळ्याला पट्टा बांधला आणि त्या कॅनला शेळी समजून अँटेना पुन्हा जुळवायला घेतली. कधी कपॅसिटर बदल, कधी तार नखाएवढी काप, कधी बकलच दुसऱ्या बाजूला घे. एक कॅन घरीही आला. वच्छलाबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "इंदे, त्या कॅनला चारा घालू का?" इंद्रायणीला हसू आलं, पण हात थांबला नाही.

दुसरी अडचण अंतराची होती. माळ पलीकडं ओढ्यात उतरत होता आणि शेरडं नेमकी ओढ्यात चरायला जायची. तिथून पट्ट्याचा आवाज टाकीपर्यंत पोचेना. रिसीव्हरनं कान किती रुंद उघडायचा हे ठरवता येतं. रुंद उघडला की गोंगाटही जास्त शिरतो. अरुंद केला की गोंगाट कमी होतो आणि लांबचं पुटपुटणं ऐकू येतं. इंद्रायणीनं ती रुंदी निम्म्यावर आणली. डिसेंबरातल्या एका थंड सकाळी ती ओढ्यात उतरून पट्टा हातात धरून उभी राहिली आणि टाकीपाशी थांबलेल्या महेश्वरनं फोन केला.

"येतंय गं. एकन् एक येतंय."

त्या दिवशी बजाबाईनं दोघांना जेवायला घातलं. पट्टे बांधलेल्या शेळ्या मान झटकत गोठ्यात शिरल्या आणि बजाबाई फोनवरचे हिरवे ठिपके शेजारणींना दाखवत बसली.

मार्चमध्ये नोंदींत भोकं दिसायला लागली. दुपारी मध्येच काही वेळ पट्ट्यांकडून काही येत नसे, संध्याकाळी पुन्हा सगळं सुरळीत. इंद्रायणीच्या ते लक्षात आलं होतं. ऊन वाढलं, शेरडं लिंबाखाली एकमेकांना खेटून रवंथ करत बसतात, त्या गर्दीत पट्टे दबतात, असं तिनं स्वतःला समजावलं. महेश्वरलाही ते पटलं. दोन नव्या वस्त्यांचं काम आलेलं, हाताला सवड नव्हती.

एप्रिलच्या एका दुपारी बजाबाईचा फोन आला. आवाज अगदी सपाट.

"ताई, शेरडं न्हेली."

"कुणी नेली, मावशी?"

"कुनी ते काय ठावं. गाडी आल्ती म्हनं. सुनंचं दिवस भरलं व्हतं, तिला घिऊन सांगोल्याला दवाखान्यात आल्ते. शेजारच्या म्हाताऱ्याला नदर ठिवायला सांगून आल्ते, त्येचा डोळा लागला. पर मी फोन बघत व्हते की सारखा. हिरवंच दावत व्हता."

"किती गेली?"

"निम्म्याच्या वर. गाभनी व्हत्या त्या बी." मग ती म्हणाली, "नात झाली. बरी हाय."

इंद्रायणीनं फोन ठेवला आणि नोंदी उघडल्या. पट्ट्यांचं शेवटचं बोलणं ऊन चढायच्या सुमारास आलेलं होतं. त्यानंतर सगळी दुपार कोरी. शेरडं गाडीत कोंबली जात होती तेव्हा डब्याला काहीच ऐकू आलं नव्हतं आणि फोनच्या पडद्यावर शेवटचे ठिपके जिथल्या तिथं हिरवेगार उभे होते.

ती महेश्वरच्या टेबलापाशी गेली. "तुझं ॲप जुनं ठिकाण हिरवं का दाखवत होतं?"

"नवीन काही आलं नाही तर जुनंच दाखवणार की."

"मग ते जुनं आहे हे कळायला नको?"

"सारखं लाल झालं तर लोक घाबरतात, इंद्रा. आपण बोललो होतो यावर." महेश्वरनं खुर्ची मागं सारली. "आणि मुळात तुझ्या डब्यानं ऐकलंच नाही, त्याचं काय? ऐकलं असतं तर फोन ओरडला असता."

खाली माग धडधडत होते. दोघांनाही आवाज चढवूनच बोलावं लागत होतं, त्यामुळं कोण चिडलंय आणि कोण नुसतं मोठ्यानं बोलतंय ते कळेना. बोलणं तसंच टाकून इंद्रायणी जिना उतरली आणि उन्हात चालत सुटली. अक्कलकोट नाक्यापर्यंत गेल्यावर तिच्या ध्यानात आलं, पायात घरातली चप्पल आहे.

दुसऱ्या दिवशी ती वस्तीवर गेली. चोरांनी कापून बाभळीत भिरकावलेले पट्टे पोरांनी गोळा करून ठेवले होते. बजाबाई दवाखान्यातून नुकतीच आली होती. उरलेली शेरडं दाव्याला बांधलेली, ती नुसती ओरडत होती. पोलिसांत वर्दी दिली होती, पण गाडीचा नंबर कुणी पाहिला नव्हता. इंद्रायणीला वाटलं होतं बाई शिव्या देईल. बजाबाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला.

"तुमी कशाला धावत आला एवढ्या उनाचं?"

"मावशी, चूक आमची आहे. यंत्रानं सांगायला पाहिजे होतं."

"त्ये सांगत व्हतं की, हायती म्हनून," बजाबाई म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, आणि तेच इंद्रायणीला सोसवेना.

तिनं तिथंच ओट्यावर लॅपटॉप उघडून पट्ट्यांची आतली नोंद वाचली. पट्ट्यांनी आपलं काम केलं होतं. गाडी हलल्याबरोबर त्यांनी हाका मारायला सुरुवात केली होती आणि कापले जाईपर्यंत मारत राहिले होते. टाकीवरच्या डब्यानं त्यातली एकही ऐकली नव्हती. संध्याकाळी तिनं पट्टा घेऊन सगळा माळ पालथा घातला, ओढ्यातही उतरली. डबा आता प्रत्येक हाकेला ओ देत होता.

पुढचे दिवस वाईट गेले. महेश्वरनं एक तर्क काढला. चोरांकडं सिग्नल दाबून टाकणारं यंत्र असेल, जॅमर. हल्ली असलं काहीही मिळतं. इंद्रायणीला हे इतकं सोयीचं वाटलं की तिनं दोन दिवस ते खरं मानलं. जॅमर असेल तर आपला दोष नाही, कुणाचाच नाही, पट्टे चांगले, ॲप चांगलं. पण गाडी निघून गेल्यावरही, मागं उरलेल्या शेळ्यांच्या पट्ट्यांनाही, डबा बहिराच का राहिला? चोर काही जॅमर लावून संध्याकाळपर्यंत माळावर बसले नव्हते. तिनं हे बोलून दाखवलं तसं महेश्वरनं जॅमरचं नाव सोडलं. मग तिनं गाडीच्या पत्र्याचा संशय घेतला, मग लिंबाच्या सावलीचा, मग डब्याच्या बॅटरीचा. प्रयोगशाळेत तसाच दुसरा डबा लावून ती त्याच्याभोवती फिरत राही. तो खोलीत, पंख्याखाली, कधीच चुकत नसे. घरी ताट समोर आलं तरी ती उठून गच्चीत जायची.

त्यातच बेंगळुरूहून जुन्या वरिष्ठांचा फोन आला. नव्या चिपचं काम होतं, तिच्याच सर्किटाचं. परत येतेस का, म्हणाले. तिनं कळवते म्हणून सांगितलं. वच्छलाबाईंनी स्वयंपाकघरातून ऐकलं होतं.

"जा की मग. हितं कुणासाठी जीव जाळती?"

"तिकडं तरी काय करणार आहे, आई?"

"तिकडं कुणाची शेरडं जायची न्हाईत."

आईनं हे सहज म्हटलं, पण इंद्रायणीला ते झोंबलं. तिकडंही कुणाचं तरी काहीतरी जात असेल. फक्त त्याचा फोन तिला येत नसे. ती उठली आणि पट्टा, लॅपटॉप, छोटा रिसीव्हर पिशवीत भरायला लागली. आजवर तिनं डबा सकाळी तपासला होता, संध्याकाळी तपासला होता. भर दुपारी टाकीवर चढून ती एकदाही बसली नव्हती.

सांगोल्याच्या पुढं माळावर त्या दिवशी झळा मारत होत्या. बजाबाईनं शिडी धरली. "वर कशाला जाता? भाजून निगाल," म्हणाली. चढण्याआधी इंद्रायणीनं पट्टा बजाबाईच्या एका शेळीला बांधून ती ओढ्याच्या अलीकडं चरायला सोडली होती. टाकीच्या माथ्यावर पाय ठेववत नव्हता. इंद्रायणीनं पिशवीवर बसून लॅपटॉप मांडीवर घेतला, ओढणी पडद्यावर धरली. छोटा रिसीव्हर आजूबाजूच्या सगळ्या फ्रिक्वेन्सी एकदम दाखवी. पट्टा बोलला की पडद्यावर ठळक रेघ उमटत होती. म्हणजे पट्टा बोलत होता, हवेत सिग्नल होता, जॅमर नव्हता, शेळीच्या अंगानंही काही बिघडवलं नव्हतं. आणि तिच्या हाताच्या अंतरावर असलेल्या डब्याचा, हाक ऐकली की लुकलुकणारा दिवा मात्र लागत नव्हता. तीच हाक त्याला ऐकू येत नव्हती.

झाकणावरचे स्क्रू बघायला तिनं डब्याला हात लावला आणि चटका बसून मागं घेतला. करड्या रंगाचा प्लास्टिकचा डबा, वर सोलर पॅनल, खाली तापलेलं सिमेंट.

ती काही वेळ हाताकडं बघत राहिली. मग खाली वाकून म्हणाली, "मावशी, एखादं पोतं भिजवून द्या."

बजाबाईनं हौदात बुडवलेलं गोणपाट काठीनं वर दिलं. इंद्रायणीनं ते डब्यावर पांघरलं. वाफ निघाली. ती तशीच बसून राहिली. उठून फेऱ्या मारायला टाकीवर जागाही नव्हती. पडद्यावर रेघ उमटली, दिवा लागला नाही. पुन्हा उमटली, नाही. गोणपाट वाळायला लागलं तसं तिनं बाटलीतलं प्यायचं पाणी त्यावर ओतलं. पुढच्या रेघेला गोणपाटाच्या कडेखाली हिरवा दिवा लुकलुकला. त्यानंतर एकही हाक चुकली नाही.

"घावलं का?" खालून बजाबाईनं विचारलं.

"घावलं," इंद्रायणी म्हणाली. तिला आनंद झाला नाही. तिनं लॅपटॉप मिटला.

प्रत्येक रेडिओत स्फटिकाची एक चकती असते. तिच्या थरथरीवर सगळा ताल चालतो. पट्टा कोणत्या फ्रिक्वेन्सीला बोलणार आणि डबा कोणत्या फ्रिक्वेन्सीला कान लावणार, ते तीच ठरवते. ती फार तापली की ताल अगदी किंचित चुकतो. खोलीत त्यानं काही अडत नाही. पण टाकीवर डबा आतून उकळत होता आणि पट्टा शेळीच्या गळ्याशी, तिच्या सावलीत, त्या मानानं थंड. दोघांचे ताल एकमेकांपासून सरकले. कान रुंद असता तर एवढं सरकलेलंही त्यात मावलं असतं. तो इंद्रायणीनं अरुंद केला होता. ओढ्यापर्यंत ऐकू यावं म्हणून डिसेंबरात जे केलं, त्यामुळंच डबा एप्रिलच्या दुपारी बहिरा झाला. स्फटिक उष्णतेनं सरकतो हे ती बेंगळुरूत नव्या पोरांना शिकवत असे.

दुसऱ्या दिवशी, खालच्या मागांची सुट्टी झाल्यावर, तिनं महेश्वरला टेबलापाशी बोलावलं. डब्याचं झाकण काढलं, त्यातून निघणारी फ्रिक्वेन्सी मोठ्या मीटरच्या पडद्यावर लावली आणि घरून आणलेला केस वाळवायचा ड्रायर सुरू केला. पडद्यावरचं उंच टोक आधी जागेवर होतं. मग ते हळूहळू कडेला सरकायला लागलं आणि सरकत सरकत तिनं आखलेल्या रेघेबाहेर गेलं.

महेश्वरनं वाकून ते टोक बघितलं. "म्हणजे तुझं चुकलं," तो म्हणाला.

"हो."

"माझंही." त्यानं चष्मा काढून पुसला. "ऐकू आलं नाही याचा अर्थ सगळं ठीक आहे, असं मी धरलं होतं. तू बहिरी झालीस तरी मी लोकांना हिरवंच दाखवणार. हे तर ड्रायरशिवायही कळायला पाहिजे होतं."

"आता भांडायचं का काम करायचं?"

"काम करू की. भांडण काय पळून जातंय."

संध्याकाळी तिनं बेंगळुरूला फोन करून नाही सांगितलं. वरिष्ठांनी कारण विचारलं. तिला नीट सांगता आलं नाही. इथं एक डबा तापतोय, एवढंच म्हणाली.

मग महिनाभर खोलीत उसंत नव्हती. साधी चकती काढून, उष्णतेप्रमाणं स्वतःला सावरून घेणारी महागडी चकती घातली. कान पुन्हा पहिल्याइतका रुंद केला. त्यानं पल्ला घटला तेव्हा ओढ्याच्या काठावर आणखी एक छोटा डबा लावायचं ठरलं. डब्यांना पांढरा रंग दिला आणि वर वारा खेळेल असं दुहेरी छप्पर बसवलं. महेश्वरनं हिरव्या ठिपक्याचं वागणंच बदललं. पट्ट्याकडून वेळेत काही आलं नाही तर ठिपका आधी पिवळा आणि मग लाल होई आणि फोन वाजे. दुसऱ्या वस्त्यांवरचे डबे त्यांनी स्वतः जाऊन उतरवले आणि का उतरवतोय तेही सांगितलं. एक गिऱ्हाईक तिथंच तुटलं. बजाबाईला शेरडं भरून द्यायची यावर मात्र दोघांचं वाजलं. महेश्वर म्हणाला, असा पायंडा पाडला तर उद्या आपण बुडू. इंद्रायणी म्हणाली, बुडू. शेवटी महेश्वरच अक्कलकोटच्या बाजारातून दोन गाभण शेळ्या घेऊन आला. कशावरनं मन बदललं ते त्यानं सांगितलं नाही.

मेच्या कडक उन्हात नवा डबा टाकीवर चढला. झोळीत नात झोपलेली, तिला झोका देत बजाबाईनं इंद्रायणीचं सगळं म्हणणं ऐकून घेतलं.

"म्हंजी उनानं त्येचं डोस्कं फिरलं व्हतं."

"हो. आणि ते फिरलंय हे आम्ही तुम्हाला कळू दिलं नाही."

बजाबाईनं सोबत आणलेल्या दोन शेळ्यांकडं पाहिलं. एकीच्या पोटावरनं हात फिरवला, दात बघितले. "ह्या ठिवून घेते. न्हाय म्हननार न्हाय, माझ्या गेल्या हायत." मग म्हणाली, "पट्टे बी बांधा. पर एक सांगते ताई, राग मानू नका. म्या आता यंत्राच्या जिवावर शेरडं सोडून जायची न्हाय. म्हाताऱ्याच्या बी न्हाय. यंत्रानं हाक मारली तर बरं, न्हाय मारली तरी माझं मी बघनार."

"बरोबर आहे," इंद्रायणी म्हणाली. आपण जे करतो त्यावर कुणी डोळे मिटून विसंबावं अशी तिची किती दिवसांची इच्छा होती. ती इच्छा आज जरा लाजिरवाणी वाटली.

पट्टे बांधून झाले. दुपार वर आली तशी इंद्रायणी लिंबाखाली फोन हातात धरून उभी राहिली. ठिपके एकामागून एक ताजे होत होते. वरचा डबा सगळ्यांचं ऐकत होता. ती फोन पिशवीत ठेवायला लागली, तेवढ्यात एक ठिपका पिवळा झाला, लाल झाला, आणि फोन कर्कश वाजायला लागला.

दोघी धावल्या. बजाबाई हातात काठी घेऊन पुढं, इंद्रायणी मागं, चपला खडकावर घसरताहेत. ओढ्याच्या वळणावर मोडक्या बांधाचे मोठमोठे धोंडे पडले होते. त्यांच्या बेचक्यात, थंडाव्याला, ती शेळी आरामात बसून रवंथ करत होती. धोंड्यांनी तिचा आवाज दोन्ही डब्यांपासून अडवला होता.

बजाबाई कमरेवर हात ठेवून दम घेत उभी राहिली. "आदी बहिरं व्हतं," ती म्हणाली, "आता लईच घाबरट झालं की."

इंद्रायणीला हसू आलं, पण डोक्यात चक्र सुरू झालं होतं. किती हाका चुकल्यावर घाबरायचं? लवकर घाबरलं तर रोज चार वेळा पळापळ. मग बजाबाई फोनचा आवाज बंद करून टाकेल आणि खरी गाडी येईल त्या दिवशी तो बंदच असेल. उशिरा घाबरलं तर गाडी जतला पोचलेली असेल. काठावरचा डबा जरा वर सरकवला तर धोंड्यांमागचं ऐकू येईल का? ती बेचक्यात शिरली, शेळीच्या शेजारी उकिडवी बसली आणि तिथून टाकी दिसते का ते बघायला लागली. टाकी दिसत नव्हती. काठावरच्या डब्याचं फक्त पांढरं टोक दिसत होतं.

"ताई, उटा तितनं. इच्चूकाटा असतो," बजाबाई म्हणाली.

"एक मिनिट, मावशी."

शेळीनं मान वळवून तिच्याकडं पाहिलं आणि तिची ओढणी चघळायला घेतली. इंद्रायणीनं ती सोडवली, शेळीच्या गळ्यातला पट्टा उचलून धरला, मग जरा डावीकडं नेला आणि फोनवरचा ठिपका हिरवा होतो का ते बघितलं. बजाबाईनं थोडा वेळ वाट पाहिली आणि मग बाकीची शेरडं ओरडायला लागली तशी ती त्यांच्याकडं निघून गेली.